कडनानांची सही

कडनाना मला पहिल्यांदा भेटले ते पिंपरीच्या बाजारात, माझ्या हातातलं खोकं न विचारता काढून घेताना. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत मी एका दुकानासमोर उभी होते. वडिलांच्या जुन्या गाडीसाठी ब्रेकचे शू घ्यायचे होते. दुकानदारानं खोकं दिलं, मी पर्स उघडली, तेवढ्यात शेजारून एक हडकुळा हात आला आणि खोकं उचलून थेट नाकाशी घेऊन गेला. साठी ओलांडलेला माणूस, अंगात विटका निळा शर्ट, पायात कारखान्यात घालतात तसले जाड बूट. त्यानं वास घेतला, खोकं कानाशी हलवलं, वरच्या चकचकीत होलोग्रामवर नख ओढलं आणि मला म्हणाला, "ताई, हे घिऊ नका."

"ओ नाना, गिऱ्हाईक तोडू नका राव!" दुकानदार कळवळून ओरडला. मी मनात म्हटलं, झालं, हा शेजारच्या दुकानाचा माणूस. एकानं नको म्हणायचं आणि दुसऱ्यानं हाताला धरून नेऊन तेच दुप्पट भावात विकायचं, हे मी ऐकून होते. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना गणित शिकवते. मला कुणी सहज फसवू शकत नाही, असा माझा त्या वेळी समज होता. मी मुद्दाम तेच खोकं घेतलं. नाना शांतपणे म्हणाले, "घ्या, घ्या. पैसं तुमचं, पाय तुमचा आन् ब्रेकबी तुमचाच."

दोन दिवसांनी आकुर्डीला विलासच्या गॅरेजमध्ये गेले, तर हेच गृहस्थ दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. विलास म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचा आमचा मेकॅनिक. त्यानं खोकं उघडलं, शू हातात घेतला आणि पेचकसाचं टोक लावलं, तर वरचं अस्तर पापडासारखं सुटून आलं. मी नानांकडं बघितलं. ते रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. "बघा, मी सांगितलं नव्हतं का" असं ते म्हणाले नाहीत, एवढं एक त्यांनी बरं केलं. तरीही माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच की विलास आणि हे, दोघं मिळालेले आहेत.

संशय घेण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. आईनं तर वडिलांच्या पश्चात गाडीतून निघालेला प्रत्येक जुना भाग घरी आणून गॅलरीतल्या बादलीत ठेवला होता. बदलला म्हणतात तो खरंच बदलला की पुसून परत बसवला, याचा पुरावा म्हणून. बादली उचलायला दोन माणसं लागायची. ती गाडी होती मरून रंगाची, छोटी. वडिलांनी नोकरी संपल्यावर घेतलेली, पंधरा वर्षं उलटल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. त्या मॉडेलचं उत्पादन कधीच बंद पडलं होतं. विकून टाक, असं मला सगळे सांगत, पण आईला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नव्हतं आणि या गाडीची सीट तिच्या मापाची होती. शिवाय ती वडिलांची होती. मला ती विकायची नव्हती, हे खरं कारण.

नानांची हकिकत विलासनं सांगितली. चाकणजवळच्या एका वाडीतलं कड आडनावाचं शेतकरी घर. जमीन कारखान्यात गेली, त्या बदल्यात थोरल्या मुलाला, म्हणजे नानांना, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. झाडू मारण्यापासून सुरुवात करून ते तपासणी खात्यात पोचले आणि तिथंच निवृत्त झाले. आता आकुर्डीत मुलाकडं राहत होते. शर्ट कंपनीचाच होता, पण खिशावर शिवलेलं कंपनीचं नाव त्यांनी सुईनं एकेक धागा काढून उसवलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी आता तिथला न्हाई. मंग नाव लावून हिंडायचं म्हन्जे खोटंच की." नावाच्या जागी कापड गडद निळं राहिलं होतं, त्यामुळं ते लांबूनही वाचता येई. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

त्यांच्या खिशात मऊ फडक्यात गुंडाळलेला एक गेज असे. बोटाएवढा पोलादी दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर भोक लहान, दुसरंही गेलं तर भोक मोठं, दोन्ही वेळेला माल बाद. "इस्वास देवावर, पार्टावर गेज," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरात कुणी लग्नाचं स्थळ आणलं तरी ते हेच म्हणत, असं विलास सांगायचा. होलोग्रामबद्दल त्यांचं मत आणखी कडक होतं. "चमकतंय ते समदं सोनं न्हाई म्हन्त्यात, आन् चमकतंय म्हनून ह्यो कागद खरा? ज्याला पार्ट खोटा करता येतो त्याला कागद करता येत न्हाई व्हय?"

पुढं मी त्यांना घेऊनच पिंपरीला जाऊ लागले. नाना आधी माल बघत नसत, दुकानदार बघत. कोणता मागू, असं मी विचारलं की म्हणत, "काय मागू नका. नुसतं गाडीचं नाव सांगा आन् त्येचा हात कुठल्या फळीकडं जातो ते बघा." वरच्या फळीकडं गेला तर ठीक. पायाखालच्या खोक्याकडं गेला तर नाना मला कोपरानं ढोसून बाहेर काढत. एखादा भाग पसंत पडला तरी ते कधी चांगला म्हणत नसत. "आज तरी यात काय सापडलं न्हाई," एवढंच म्हणत. बेल्ट, प्लग, रबरी नळ्या, सगळ्यांना मिळालेलं हेच प्रशस्तिपत्रक.

आई म्हणे, "फुकट कोण एवढं हिंडतं गं? नक्की त्याची नजर आपल्या गाडीवर आहे. तुला कंटाळा आला की स्वस्तात उचलेल." मी तिला हसले, पण एका दुपारी एकटीच त्या पहिल्या दुकानदाराकडं गेले आणि सरळ विचारलं, "नानांना तुम्ही काय देता?" त्यानं कपाळावर हात मारला. "ताई, मी त्यांना साधा चहा पाजू शकलो नाही आजवर. चहा म्हटलं की म्हणतात, आता कंचा माल खपवायचाय? मीच त्यांना घाबरून असतो." मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर पुरती खात्री पटली नाही. दुकानदारही त्यांच्यात सामील असला तर?

मग गाडीचं ब्रेक ऑइल कमी होऊ लागलं. विलासनं मागचं चाक उघडलं. आत बोटभर लांबीची एक लोखंडी नळी असते, व्हील सिलेंडर म्हणतात तिला. आपण पेडल दाबलं की तेल तिच्यात शिरतं आणि चाक धरलं जातं. ती नळी गळत होती, बदलायला हवी होती. नानांनी बाजारातून एक आणवली आणि नाकारली. दुसरी नाकारली. तिसरी तर गेज न लावताच परत पाठवली, म्हणाले, खोक्यावरचं अक्षर आवडलं नाही. गाडी दोन आठवडे गॅरेजात उभी. आईच्या गुडघ्याचे व्यायाम चिंचवडला एका दवाखान्यात चालत, तिथं रिक्षानं जाताना तिचे हाल बघवत नव्हते. मी चिडले. म्हटलं, नाना, तुम्हाला जगात एक तरी वस्तू पसंत आहे का? ते म्हणाले, "हाय की. पन ती मिळंना."

आता आमच्या भागाची एक खोड सांगायला हवी. चाकण, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात प्रत्येकाचा कुणी ना कुणी कुठल्यातरी कंपनीत असतो. त्यामुळं बाजारातून माल आणणं हा इथं जरा अडाणीपणा समजतात. शहाणा माणूस "डायरेक्ट कंपनीतून" आणतो. खोकं नाही, बिल नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाग हातात पडतो आणि देणारा हळूच म्हणतो, "एकदम लाइनवरचा आहे." आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या शिंद्यांनीही मला असाच सिलेंडर आणून दिला. भाच्याच्या ओळखीतून. मॉडेल बंद झालंय, पण कुणीतरी जपून ठेवलेला जुना शिल्लक माल आहे, असं म्हणाले. मी हरखले. नानांना न विचारता, विलासलाही नीट न सांगता मी गाडी सोडवली आणि ताथवड्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात तो बसवून घेतला. घरी आल्यावर आईला म्हटलं, "बघ, एका दिवसात झालं." दोघींनाही वाटलं, आपण जिंकलो.

महिनाभर गाडी छान चालली. मग एका सकाळी आईला घेऊन चिंचवडला निघाले असताना उड्डाणपुलाच्या उतारावर पेडल दाबलं आणि ते सरळ खाली गेलं. पुढं बस होती. मी पेडल परत परत हापसलं, गिअर खाली टाकला, हॅन्डब्रेक ओढला. बसच्या मागच्या काचेवर लिहिलेलं मला अजून पाठ आहे. हातभर अंतरावर गाडी थांबली. आईनं समोरच्या फळीवर दोन्ही हात टेकवले होते आणि ते बराच वेळ तिथून काढले नाहीत. त्या हातांकडं बघताना मला माझ्या शहाणपणाची शिसारी आली.

गाडी ओढून विलासकडं नेली. त्यानं चाक उघडलं, आत तेलानं सगळं भिजलेलं. सिलेंडर काढून त्यानं नानांच्या हातावर ठेवला. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते. नानांनी गेज लावला. जायचं ते टोक गेलं, जाऊ नये ते टोकही सहज गेलं. मग त्यांनी नळीच्या तोंडाजवळ नखानं खरवडलं. काळ्या रंगाखालून खाचा बुजवायची लांबी निघाली, लांबीखालून दोन बारीक रेघा निघाल्या, आणि रेघांत किंचित लाल रंग. नाना खाली बसले.

"कुठनं आनला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सिलेंडर रुमालात गुंडाळला, खिशात घातला आणि चालू लागले. विलास मागून "नाना, अहो नाना" करत राहिला. आठ दिवस ते गॅरेजकडं फिरकले नाहीत. विलासनं दुसरा सिलेंडर स्वतःच निवडून बसवला. आई रोज विचारी, "तो भाग कुठाय? नेलाच का त्यानं? आता शिंद्यांना दाखवायला आपल्याकडं काय राहिलं?" मलाही वाटत होतं की ज्यानं कधी काही लपवलं नाही तो माणूस आता काहीतरी लपवतोय.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, नाना आमच्या दारात उभे राहिले. हातात पिशवी. आजवर ते घरी कधी आले नव्हते. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ते माझ्याशी नाही, आईशी बोलले.

"आक्का, ह्यो तुमच्या गाडीत बसला व्हता तो माल माझा हाय."

"तुमचा म्हणजे?"

"मी बाद केलेला. भोक मोठं झालं व्हतं, अख्खा लॉट बाद. बाद मालाला लाल रंग लावायचा ही कंपनीची रीत. रंग थिनरनं पुसतो, म्हनून मी वरनं कानशीनं दोन रेघा मारायचो. माझ्याबिगर कुनी मारत न्हवतं. मंग त्यो माल हातोड्यानं तोडायचा आन् इन्स्पेक्टरनं समोर हुबं राहून बघायचं. बघितलं की रजिस्टरात सही. माझ्या समक्ष तोडला, म्हनून."

आईनं विचारलं, "मग?"

"त्या दिशी शिफ्ट सुटत आली व्हती. कंपनीची बस लागली व्हती. स्क्रॅपची पोरं म्हनली, नाना, तुमी जावा, बस जाईल, आमी तोडतो. मी सही केली आन् बस धरली. खिडकीची जागा मिळाली व्हती, त्येबी ध्यानात हाय." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "आक्का, मी समद्या बाजारावर संशय घेतला. ह्येच्यावर, त्येच्यावर, ह्या ताईंवरबी घेतला. आन् खोटी सही माझी. तुमी दोघी मेल्या असता."

मला वाटलं होतं, आई आता तोंडाचा पट्टा सोडेल. तिला तो हक्क होता. हे त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं. त्या रेघा वाचणारा दुसरा माणूस जगात नव्हता. आठ दिवस ते याच विचाराशी झुंजत असणार, हे मला त्यांच्या वाढलेल्या दाढीवरून कळलं, आणि मी आठ दिवस त्यांना काय समजत होते तेही आठवलं.

"मग आता काय करायचं?" आई म्हणाली.

नानांनी पिशवीतून हातोडा काढला, सिलेंडर काढला आणि वहीचा एक रेघा मारलेला कागद. "तोडायचा. आन् सही तुमी करायची. माझी चालायची न्हाई."

आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. आई कठडा धरून एकेक पायरी उतरली. पाण्याच्या टाकीशेजारी एक दगड होता, त्यावर नानांनी सिलेंडर ठेवला आणि हातोडा घातला. तिसऱ्या घावाला तो फुटला, तुकडे उडाले. नानांनी ते गोळा करून टाकीजवळच्या लोखंडी पाटीत आईपुढं मांडले आणि कागद पुढं केला. "करा सही."

आईनं चष्मा लावला. ती खाली वाकू शकत नव्हती, म्हणून मी ती पाटी उचलून तिच्यासमोर धरली. फुटलेली कपबशी जुळवावी तसे तिनं तुकडे एकमेकांना लावून बघितले. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "मी सही करणार नाही."

नानांचा चेहरा पडला. "का वो, आक्का?"

"नळीचं एक तोंड कमी आहे. तुमच्या त्या दोन रेघा कुठायत यात?"

आम्ही तिघांनी ते पार्किंग पालथं घातलं. तुकडा नाल्याच्या जाळीच्या कडेला अडकला होता, अर्धा बोटभर, दोन रेघांसकट. तो पाटीत ठेवल्यावर नळी पूर्ण झाली आणि आईनं सही केली. तिच्या त्या वळणदार, शाळेतल्या अक्षरात पूर्ण नाव. नाना कागदाकडं बघत राहिले आणि मी ओळखते तेवढ्या काळात पहिल्यांदाच मोकळं हसले. डोळे मात्र भरले होते. "आक्का," ते म्हणाले, "तुमी त्या दिशी तिथं हुब्या पायजे व्हता."

त्यानंतर नाना दीड वर्ष होते. बाजारात ते आता कुणाच्या हातातलं खोकं ओढत नसत. त्यांनी एकच काम धरलं. आमच्या मॉडेलची गाडी ज्या ज्या गॅरेजात येईल तिथं जायचं, मालकाला हात जोडायचे आणि मागचं चाक उघडून बघू द्या म्हणायचं. लोक संशयानं बघत, कुणी हाकलून देई. एका गाडीवाल्यानं तर पोलिसांना बोलवायची धमकी दिली. "घेऊ द्या संशय," नाना म्हणाले, "घ्यायलाच पायजे." कधी भोसरीला, कधी मोशीला मीच त्यांना आमच्या गाडीतून नेई. शिंद्यांच्या भाच्याला गाठून आम्ही तो माल कुठून आला ते विचारलं, पण त्यानं वर्तमानपत्राच्या पुडीपलीकडं काही पाहिलं नव्हतं. दीड वर्षात सहा सिलेंडर सापडले. प्रत्येक वेळी नाना तो घेऊन आमच्याकडं येत, टाकीजवळच्या दगडावर फोडत आणि आई जुळवून बघून सही करी. नाना आता पाणीही घेत आणि चहाही. बाकीचे कुठल्या गाड्यांत बसून फिरतायत, हे त्यांना कळलं नाही.

नाना गेले ते झोपेत. मुलानं सकाळी फोन केला. आम्ही दोघी गेलो. आई त्यांच्या पायाशी बराच वेळ उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी रडले. वडिलांच्या वेळी रडले होते तशीच रडले, त्याचं मला आश्चर्यही वाटलं नाही.

महिन्याभरानं विलासचा फोन आला. एका शाळेकडं असलेल्या आमच्याच मॉडेलच्या जुन्या गाडीत त्याला एक सिलेंडर मिळाला होता. दोन रेघा, लाल रंग. "काय करू, ताई?" त्यानं विचारलं. म्हटलं, घेऊन ये. विलासनं तो टाकीजवळ फोडला, तुकडे पाटीत भरले. आईला त्या दिवशी जिना उतरवला नाही, म्हणून मी पाटी आणि कागद घेऊन वर गेले. ती पलंगावर बसली होती. तिचा हात आता लिहिताना कापतो, म्हणून तिनं पेन माझ्याकडं दिलं आणि कागदावरची सहीची जागा दाखवली. मला कॉलेजला उशीर होत होता. मी पेन टेकवलं, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"आधी तुकडे जुळव," ती म्हणाली.